वर्ग शांत होतो तो ओरडण्याआधी

शिक्षणसेवक म्हणून नुकतंच रुजू झालेल्या कुणालाही विचारा, पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त धास्ती कशाची वाटते. धडा समजावण्याची नसते. 'पोरं आपलं ऐकतील का' याची असते. डी.एड., बी.एड.ला टाचण काढायला शिकवलेलं असतं, सराव पाठही झालेले असतात. पण सराव पाठाला मागे मार्गदर्शक बसलेले असतात आणि आज पाहुणे आलेत हे मुलांनाही कळत असतं. खऱ्या वर्गात हजेरी चालू असताना मागे दोघांची पट्टीवरून ओढाताण होते, एक जण पाण्याला जाऊ का विचारतो, एक मुलगी 'हा मला चिडवतो' म्हणत टेबलापाशी येऊन उभी राहते, आणि शेजारच्या वर्गाचे सर तालुक्याला मीटिंगला गेलेले असल्यामुळे तिथला आरडाओरडा भिंतीतून ऐकू येत असतो.

अशा वेळी शिक्षक-खोलीत सल्ला मिळतो. 'पहिला आठवडा अजिबात हसायचं नाही.' 'एकाला धरून चांगला दम भरा, बाकीचे आपोआप सरळ होतात.' हे सांगणारे वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलेलं असतं. पण हा सल्ला खरंच उपयोगी पडतो का, हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने वर्गात कॅमेरे लावून तपासलं होतं. त्याच्या हाती जे लागलं ते प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं असं मला वाटतं.

दम देण्याचा अभ्यास आणि त्याचं अनपेक्षित उत्तर

जेकब कूनिन हे अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. एकदा त्यांच्या तासाला एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. कूनिन त्याला रागावले. त्याने पेपर मिटला हे तर झालंच, पण ज्यांना कुणी काही बोललं नव्हतं तेही सावरून बसले, कुजबुज थांबली, नजरा वहीकडे वळल्या. कूनिन यांना याचं कुतूहल वाटलं. एकाला बोललेलं इतरांपर्यंत पोहोचतं, तर मग नेमकं कसं बोललं म्हणजे वर्ग शिस्तीत राहील? रागाने, समजुतीने, ठामपणे, की नाव घेऊन? याचं सूत्र सापडेल या आशेने त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. प्राथमिक शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण केलं आणि शिक्षकांचं बोलणं-वागणं मिनिटामिनिटाने तपासलं.

सूत्र सापडलं नाही. ज्यांचे वर्ग शांतपणे कामात असत आणि ज्यांचे वर्ग सतत विस्कटत, त्या दोन प्रकारच्या शिक्षकांच्या रागावण्याच्या पद्धतीत म्हणावा असा फरकच नव्हता. फरक होता तो रागावण्याची वेळ येण्याआधीच्या वागण्यात. १९७० साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं आणि वर्ग-व्यवस्थापनाचा सगळा विचार त्यानंतर बदलत गेला. गडबड झाल्यावर काय करायचं यात नवा शिक्षक आपली सगळी शक्ती घालवतो. ती खर्च करायची असते गडबड नसतानाच्या साध्या मिनिटांवर.

ही साधी मिनिटं म्हणजे काय, ते जरा सविस्तर पाहू, कारण सगळी मेख इथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वर्गात काय चाललंय ते शिक्षकाला कळतं, असा मुलांचा विश्वास बसणं. 'आमच्या बाईंना पाठीमागचंही दिसतं' असं मुलं म्हणतात तेच हे. कूनिन यांना दिसलं की या विश्वासाला दोन बाजू आहेत: योग्य मुलाला टोकणं आणि योग्य वेळी टोकणं. पट्टीचंच उदाहरण घ्या. पट्टी आधी एकाने ओढली, दुसऱ्याने चिडून हिसकावली. शिक्षकाने वर पाहिलं तेव्हा दुसराच सापडला आणि त्यालाच बोलणी बसली. त्या क्षणी वर्गातल्या प्रत्येकाला दोन गोष्टी कळतात. सरांना दिसत नाही, आणि इथे न्याय होत नाही. किंवा असं होतं की पट्टीकडे दुर्लक्ष केलं, ती मारामारी झाली, चार जण बघायला उठले, आणि मग शिक्षक गरजले. म्हणजे उशीर झाला. तोच शिक्षक पट्टीची ओढाताण सुरू होताच शिकवणं न थांबवता तीन पावलं चालत त्या बाकापाशी गेला असता, बाकावर हात टेकवून तिथूनच पुढचं वाक्य बोलला असता, तर बहुधा शब्दही खर्च झाला नसता.

म्हणून फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करायची नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. बाकांच्या ओळींतून तुम्हाला शेवटपर्यंत जाता येईल अशी वाट ठेवायची. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, पण शहरातल्या अनेक अनुदानित हायस्कुलांत एका वर्गात साठ-सत्तर मुलं दाटीवाटीने बसतात आणि शेवटच्या बाकापर्यंत जायलाच जागा नसते. अशा वर्गात निदान दर पंधरा दिवसांनी ओळी फिरवायच्या, म्हणजे मागे बसणं ही कुणाची कायमची ओळख होत नाही.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. तास वाहता असला की मुलं त्याच्याबरोबर जातात. तो जिथे अडतो तिथे गडबड सुरू होते आणि तो बहुतेक वेळा शिक्षकच अडवतो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण एखाद्या तासाला मागे बसून पाहिलं की स्पष्ट दिसतं. 'गणिताच्या वह्या काढा. पान बेचाळीस. अरे हो, सहलीचे पैसे कुणाकुणाचे राहिलेत? हात वर करा. तुझे कधी येणार? बरं. हं, तर कुठे होतो आपण?' एवढ्यात चाळीस मुलांची मनं बेचाळीसाव्या पानावरून उठून सहलीला जाऊन आली. आता त्यांना परत आणायला ओरडावं लागतं आणि मुलांना कळतच नाही की आपलं काय चुकलं. एकाने गृहपाठ केला नाही म्हणून पाच मिनिटं सगळ्या वर्गाला प्रवचन देणं, किंवा जी वही सगळ्यांनी एकदम काढता आली असती ती एकेकाला पुढे बोलावून वाटणं, हेही त्यातलंच. एका मुलाचं काम चालू असताना बाकी एकोणचाळीस जण रिकामे असतात, आणि रिकामं मूल काहीतरी करणारच.

तिसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. आपण बहुतेक जण आधी नाव घेतो: 'सुमित, प्रकाश-संश्लेषण म्हणजे काय?' नाव ऐकलं की सुमित सोडून सगळा वर्ग सुटला. आधी प्रश्न, मग थांबणं आणि मग नाव असा क्रम ठेवला की त्या थांबण्याच्या वेळात प्रत्येकाला वाटतं, आपल्यावर येईल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण फळ्यापाशी उभं राहून गप्प थांबायचं म्हटलं की ते फार मोठे होतात. सवय होईपर्यंत मनात आकडे मोजा.

सवयीसुद्धा शिकवाव्या लागतात

जूनमध्ये शाळा उघडली की अभ्यासक्रम मागे पडेल या भीतीने नवा शिक्षक पहिल्याच दिवशी पहिला धडा उघडतो. तसं करू नका. पहिल्या आठवड्यातला बराच वेळ वर्गाच्या रोजच्या सवयींना द्या. परिपाठाहून आल्यावर कसं बसायचं, पाण्याला किंवा लघवीला जायचं तर कसं सांगायचं, वह्या तपासायला कुठे ठेवायच्या, काम लवकर संपलं तर काय करायचं, अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं की थेट शिक्षकांना, मधल्या सुट्टीत पोषण आहारासाठी हात धुवायला रांग कुठून लागते. मुलांना हे सगळं माहीत असेल असं आपण गृहीत धरतो. पण मागच्या वर्षीच्या बाईंची पद्धत वेगळी होती, शेजारच्या वर्गाची वेगळी आहे. मुलं गोंधळतात आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

या सवयी सांगून होत नाहीत. पाढे जसे करून घेतो तशा त्या करून घ्याव्या लागतात. 'गटात बसा' म्हटल्यावर बाक न आपटता गटात कसं बसायचं हे दोन-तीनदा प्रत्यक्ष करून पाहायचं, जमलं की कुणी काय चांगलं केलं ते नेमकं सांगायचं. लक्ष वेधण्यासाठी एक खूण ठरवायची, हात वर करणं किंवा ठरावीक लयीत टाळी, आणि ती दिल्यावर वर्ग पूर्ण शांत होईपर्यंत पुढचा शब्द बोलायचा नाही. गोंगाटावर आवाज चढवून सूचना देणं सुरू झालं की सरांचं बोलणं गोंगाटातही ऐकू येतं हे मुलं शिकतात, आणि मग दर आठवड्याला आवाज थोडा थोडा चढवावा लागतो. नव्या शिक्षकांचे घसे ऑगस्टपर्यंत बसतात ते यामुळेच.

नियम मात्र थोडे हवेत. चार पुरेत. भिंतीवर पंधरा नियमांचा तक्ता लावला तर तो तुम्हालाही पाठ होत नाही. आणि जो नियम रोज पाळून घेता येणार नाही, तो केलाच नाही तर बरं.

या बाबतीत खरं शिकावं ते दोनशिक्षकी शाळांतल्या गुरुजी-बाईंकडून. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. चौथीला भागाकार शिकवायचा तर तिसरीने तेवढा वेळ स्वतःहून कामात राहायला हवं. तिथे दम देऊन निभत नाही, कारण दम द्यायला मोकळा शिक्षकच नसतो. अशा चांगल्या वर्गात मुलं आल्याबरोबर फळ्याचा आपला भाग पाहून कामाला लागतात, साहित्य स्वतः काढतात, स्वतः ठेवतात, मोठी मुलं लहानांचं वाचन घेतात. तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, अशी शाळा असेल तर केंद्रप्रमुखांना विचारून एक दिवस तिथे जाऊन बसा. कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा तो दिवस जास्त शिकवेल.

एक प्रथा मात्र आवर्जून बंद करावी असं मला मनापासून वाटतं. शिक्षक बाहेर गेले की वर्गप्रमुखाने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, ही ती प्रथा. यात एका मुलाच्या हातात इतरांना शिक्षा देववण्याची ताकद येते. मित्राचं नाव गळतं, नावडत्याचं दोनदा लिहिलं जातं, आणि मधल्या सुट्टीत त्याचे हिशेब होतात. त्याऐवजी वर्गप्रमुखाला काम द्या: गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचणं, फळ्यावर लिहून ठेवलेली उदाहरणं घेणं. आणि हे पद एकाच हुशार मुलाकडे वर्षभर न ठेवता फिरतं ठेवा.

आदराची सुरुवात मोठ्या माणसाने करायची असते

शिस्तीचं सगळं तंत्र सांभाळूनही वर्ग परका राहू शकतो. मुलं गप्प असतात, पण आपली नसतात. नातं ज्या गोष्टींतून तयार होतं त्या फार लहान असतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

नाव ही त्यातली पहिली. आठवड्याभरात सगळी नावं पाठ करा. हजेरीपटावरची पूर्ण नावं नव्हे, मुलं एकमेकांना हाक मारतात ती. आडनावाने हाक मारण्याची सवय अनेक शाळांत आहे. 'ए जाधव', 'अरे गायकवाड'. आपल्याकडे आडनावाबरोबर पुष्कळदा जातीचा अंदाजही येतो, आणि आडनाव उच्चारताना एखाद्याचा आवाज बदलला तर तो फरक मुलाच्या कानाला अचूक कळतो. रंगावरून, जाडीवरून, तोतरेपणावरून पडलेलं नाव शिक्षकाने गमतीतही उच्चारलं तर त्या नावावर शाळेचा शिक्का बसतो आणि ते दहावीपर्यंत सुटत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना तर फार जपावं लागतं. 'एस.सी.चे कोण कोण, उभे राहा', 'एन.टी.वाले इकडे या' असं भर वर्गात म्हटलं जातं, कारण माहिती आजच्या आज ऑनलाइन भरायची असते आणि तसं करणं सोपं पडतं. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चाळीस मित्रांसमोर आपली जात सांगत उभं राहावं लागतं. ही माहिती शाळेच्या दाखल्यावर, जनरल रजिस्टरमध्ये असते. तिथून यादी करा, राहिलेली कागदपत्रं चिठ्ठीने किंवा पालकांना फोन करून मागवा. अर्धा तास जास्त जाईल. तो द्यायलाच हवा.

भाषेचंही तसंच. धारणी-चिखलदऱ्यात घरी कोरकू बोललं जातं, नंदुरबारकडे भिली, पावरी, गडचिरोलीत गोंडी, माडिया. पहिलीतलं मूल तुमच्या प्रश्नाला गप्प राहिलं तर ते हट्टी किंवा मठ्ठ नसतं, त्याला प्रमाण मराठी अजून परकी असते. त्याच्या भाषेतले वीस शब्द तुम्ही शिकलात, पाणी, आई, भूक, दुखतं, ये, बस, आणि चुकत चुकत बोललात, तर मुलं तुम्हाला दुरुस्त करतील. गुरुजींना शिकवायला मिळण्यासारखा आनंद मुलांना दुसरा नसतो, आणि मराठी बोलताना आपल्याकडून होणाऱ्या चुकांची त्यांची भीती तिथे ओसरते. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या मुलाच्या घरच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणं हाही अपमानच. पुस्तकात कसं लिहितात ते जरूर शिकवा, पण त्याच्या आईच्या बोलण्याला नावं ठेवू नका.

साने गुरुजींची एक गोष्ट इथे आठवते. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलं खोल्या पसरलेल्या ठेवून शाळेत जात. गुरुजी रागावले नाहीत. ते मुलांच्या मागे खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या घालत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. थोड्या दिवसांत मुलांनाच लाज वाटू लागली. त्याच काळात ते मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. साठ मुलांच्या वर्गात सात तास शिकवणाऱ्या माणसाने हे जसंच्या तसं करावं असं मी म्हणणार नाही. पण शिक्षकाने वर्गातला कागद स्वतः वाकून उचलणं, उशीर झाला तर मुलांची माफी मागणं, मुलाची वही फेकण्याऐवजी हातात देणं, हे कुणालाही जमतं आणि मुलं ते टिपतात.

अपेक्षेचाही असाच अदृश्य परिणाम होतो. रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं होतं की ही मुलं यंदा खूप पुढे जाणार. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. वर्षअखेरीस लहान वर्गांतल्या या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त दिसली. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, परिणाम एवढा मोठा नसतो असंही दिसून आलं. तरी ज्याच्याकडून आशा असते त्याच्या उत्तरासाठी शिक्षक थोडा जास्त थांबतो, त्याला इशारा देतो, पुन्हा संधी देतो, हे आपण आपल्याच वर्गात पाहू शकतो. 'हा ढ वर्ग आहे' असं पहिल्या दिवशी कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि ते विसरून वर्गात जा.

तरीही बिघडलं तर

कितीही तयारी केली तरी एखादा दिवस असा येतोच, की आठवीतला मुलगा सगळ्यांसमोर म्हणतो, 'नाही करणार, काय करायचं ते करा.' वर्गाचा श्वास थांबतो. सगळे तुमच्याकडे पाहतात. इथे बहुतेक शिक्षक मुलाला हरवायला जातात. पण चाळीस जणांसमोर चौदा वर्षांच्या मुलाला माघार घेता येत नाही. त्याला वाट द्यावी लागते. आवाज खाली आणा, जवळ जा, एवढंच म्हणा: 'आत्ता राहू दे. सुट्टीत आपण बोलू.' आणि लगेच तास पुढे न्या. सुट्टीत मात्र खरंच बोला. आधी विचारा, काय झालं होतं? पुष्कळदा उत्तर असं येतं, की रात्री घरी भांडण झालं, किंवा सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मग त्याच्या वागण्याबद्दल स्पष्ट बोला. तुझी अडचण मला समजते, पण वर्गात असं बोललेलं चालणार नाही, हे दोन्ही एकाच वेळी सांगता येतं.

व्हिएन्नाहून शिकागोला गेलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी शिक्षकांसाठी एक साधी युक्ती सांगितली आहे. मूल का वागतंय हे कळत नसेल तर त्या क्षणी आपल्याला काय वाटतंय ते पाहायचं. नुसता वैताग येत असेल तर मुलाला बहुधा लक्ष हवं आहे. 'हा मला आव्हान देतोय' असा संताप येत असेल तर ताकदीची ओढाताण चालू आहे. मन दुखावलं असेल तर मूल स्वतः कुठेतरी दुखावलेलं आहे आणि ते परत करतंय. आणि 'याच्यापुढे मी हरलो' असं वाटत असेल तर मुलानेच स्वतःबद्दलची आशा सोडलेली असते. हा काही अचूक नियम नाही. पण रागाच्या भरात आपण एक क्षण थांबून मुलाकडे पाहतो, एवढ्यासाठी तो फार मोलाचा आहे, कारण चौघांना लागणारी गोष्ट वेगवेगळी आहे. लक्ष हवं असलेल्याला चांगल्या कामाच्या वेळी लक्ष द्यायचं. ताकद हवी असलेल्याला जबाबदारी द्यायची. दुखावलेल्याशी आधी नातं सांधायचं. हरलेल्याला जमेल एवढं लहान काम द्यायचं आणि जमल्यावर ते त्याला दाखवायचं.

भोगावं लागणारं फळ चुकीशी जोडलेलं असावं. बाकावर कोरलं तर बाक घासून साफ करायचा. रंगाची बाटली सांडली तर फरशी पुसायची. बोलण्याबद्दल शंभर वेळा लिहायला लावलं की मूल लिहिण्याचाच तिरस्कार करायला शिकतं. आणि एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाचा खेळाचा तास काढून घेणं तर कधीच करू नका.

मारणं हा पर्यायच नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. मानसिक छळात टोचून बोलणं, अपमान करणं हेही येतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पालक स्वतः येऊन सांगतात, 'मारा गुरुजी, पण शिकवा.' त्यांचा विश्वास मोठा आहे आणि त्याला उत्तरही तितक्याच मायेने द्यायला हवं: 'मारायची गरज नाही पडणार, तुम्ही रात्री फक्त पाच मिनिटं त्याची वही बघा.' छडीची सवय का लागते, तेही समजून घ्यावं. ती उगारताच वर्ग लगेच शांत होतो, आणि शिक्षकाला वाटतं, उपाय लागू पडला. पण दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तेच करतो, फक्त आता सरांची नजर नसताना. घाबरलेलं मूल प्रश्न विचारत नाही, आणि जे विचारत नाही त्याला काय कळलं नाही हे तुम्हाला कधीच समजत नाही.

शाळेत न येणारी मुलं

नातं वर्गाच्या दारात संपत नाही. बीडकडच्या शाळांत दिवाळीच्या सुमारास पट रिकामा होतो. आई-बाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, मुलं त्यांच्याबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परतल्यावर 'इतके दिवस कुठे होतास?' असा सगळ्यांसमोर जाब विचारला तर उद्या ते मूल येत नाही. जाण्याआधी पालकांना भेटून, ते बाहेर असताना मुलांना ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाची माहिती देणं, जाणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तकं घालून देणं, फोन नंबर लिहून घेणं आणि परतल्यावर 'आलास, बरं वाटलं' म्हणणं, हे वर्गशिक्षकाच्या हातात असतं.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना असाच प्रश्न पडला होता. वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळेत यायची नाहीत. त्यांना आळशी ठरवण्याऐवजी या दोघींनी शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. ती कुरणशाळा. न येणाऱ्या मुलाकडे कसं पाहायचं याचा इतका सुंदर धडा मला दुसरा माहीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये पालकांना नियमित भेटणं हे शिक्षकाचं कर्तव्यच सांगितलं आहे. पहिली भेट मात्र तक्रारीची नसावी. मुलाचं काहीतरी चांगलं सांगायला म्हणून एकदा घरी जा. पुढे कधी अवघड गोष्ट बोलायची वेळ आली तर ऐकणारं माणूस तयार असतं.

जवळीक हवी, पण मर्यादाही हवी. तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे असाल आणि नववी-दहावीला शिकवत असाल तर 'सर आमचे मित्रच आहेत' हे ऐकायला छान वाटतं. मुलांना मात्र एका खात्रीच्या मोठ्या माणसाची गरज असते. रात्री एकेका विद्यार्थ्याला खाजगी मेसेज करणं टाळा, निरोप वर्गाच्या आणि पालकांच्या ग्रुपवर द्या. एखाद्याशी एकट्याने बोलायचं असेल तर दार उघडं ठेवून, इतरांना दिसेल अशा जागी बोला. आणि विश्वासाने एखादं मूल घरी किंवा बाहेर होणाऱ्या अत्याचाराबद्दल सांगू लागलं तर 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'सांगितलंस ते चांगलं केलंस' एवढं म्हणा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका आल्यास पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गात मुलांना दिसेल असा लिहून ठेवा.

आणि स्वतःला थोडा वेळ द्या. पहिलं सत्र अवघडच जातं. जवळच्या एखाद्या सहकाऱ्याला विनंती करा की एक तास मागे येऊन बसा आणि फक्त एवढंच टिपा: मी कुणाकुणाला प्रश्न विचारले, कुणाकडे एकदाही पाहिलं नाही, तास कितीदा मीच अडवला. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनाही एकेक कोरा कागद द्या. नाव न घालता दोन ओळी लिहायला सांगा: या वर्गात काय आवडतं, आणि काय बदलायला हवं. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांना चित्र काढू द्या किंवा त्यांच्याशी बोला. सुट्टीत ते कागद शांतपणे वाचा, त्यातली करण्याजोगी एक गोष्ट निवडा, आणि शाळा उघडेल त्या दिवशी परिपाठानंतर वर्गाला सांगा की तुम्ही हे लिहिलं होतं आणि आजपासून आपण ते असं करणार आहोत.